काशम्माच्या जागी

साहेब आले, पोरांचा पेपर घेतला, शाळेची तोंडभर स्तुती केली आणि जाता जाता असं काही बोलले, की मीनाबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"पंधरवड्यानं परत येतो. हीच मुलं, हाच पेपर."

नागनाथ गुरुजींनी हातातली कपबशी खाली ठेवली. गुरुजी हेडमास्तर. कुंभारीच्या पलीकडच्या त्या वस्तीवर शाळा म्हणजे एक लांबडी खोली; एका अंगाला मीनाबाईंची चौथी, दुसऱ्या अंगाला गुरुजींची पाचवी. "परत कशाला, साहेब? आमचं काय चुकलंमाकलं का?"

"तुमचं काही नाही हो," बिराजदार साहेब हसले. नोकरी पुण्याची असली, तरी माणूस मूळचा अक्कलकोटकडचा, मोकळा. "आम्ही मुलांना तपासत नाही, पेपरला तपासतोय. उद्या राज्यभरातल्या पोरांची एकदम परीक्षा घ्यायची, तर पेपर भरवशाचा नको? सरकारनं अनुदान दिलंय ते त्यासाठी. एकाच पोरानं दोनदा सोडवला तर उत्तरं सारखी यायला हवीत. शिवाय घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना मराठी प्रश्न झेपतात का, तेही बघायचंय. झेपत नसतील तर त्यांच्यासाठी कन्नडात पेपर छापू. पण तुमच्या काशम्मानं तर कमालच केली की!"

कमाल काशम्मानं केली नव्हती. चौथीतली काशम्मा त्या वेळी घरी आईशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

झालं होतं ते असं. साहेब येणार म्हटलं की शाळेत काय करायचं, हे गुरुजींच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यांना विचार करावाच लागत नसे. भिंती सारवायच्या, फळ्यावर सुविचार लिहायचा आणि मठ्ठ पोरांना "उद्या येऊ नगा" म्हणून सांगायचं. त्यांच्या जागी पाचवीतली हुशार पोरं बसवायची आणि त्यांनी त्या नावाला 'हजर' म्हणायचं. आजवर प्रत्येक तपासणी अशीच पार पडली होती. तपासायला आलेल्यालाही ते ठाऊक असायचं, चहा पिऊन तोही खूश. हा साहेब तपासायला आलाच नव्हता, ही गोष्ट मात्र कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. काशम्माच्या जागी सोजर बसली. सोजरचे वडील नातेपुत्याकडून विहिरीच्या कामावर आलेले; पोरगी चुणचुणीत, अक्षर मोत्यासारखं, आणि कन्नडाचा गंधही नाही.

काशम्मा मठ्ठ होती असंही नाही. तोंडी हिशेब विचारावा, मीनाबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर हजर. पण तेच मराठीत छापून पुढं ठेवलं की पोरगी ओठ हलवत अक्षरांवरून बोट फिरवत राही आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणी. तिच्यासाठीच तर तो कन्नड पेपर होता. मीनाबाईंना हे कळलं ते साहेबांची जीप धुरळा उडवत निघून गेल्यावर.

त्या भ्याल्या. साध्या नाही, हाडापर्यंत भ्याल्या. वर्ष आणीबाणीचं होतं. अमक्या कचेरीत उशिरा आला म्हणून घरी बसवला, तमक्याला उलट बोलला म्हणून उचलला, अशा बातम्या शहरातल्या सात रस्ता चौकात एसटीची वाट बघता बघता रोज कानावर येत. मीनाबाईंची नोकरी हंगामी. कायम व्हायचं तर एप्रिलात गुरुजींचा शेरा चांगला हवा. नवरा गिरणीतून कमी झालेला. त्यांच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारं माणूस म्हणजे त्याच पहिल्या. धम्मदीक्षेनंतर वडिलांनी हट्टानं शिकवलेल्या. ती नोकरी एका खोट्या 'हजर'पायी जाणार होती. रस्त्यात जीप दिसली तरी त्या आडोशाला होत.

एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी धीर केला. "गुरुजी, साहेबांना खरं सांगून टाकू या. माणूस भला आहे."

"भला हाय तवर भला!" गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "मला निवृत्तीला वरीस ऱ्हायलंय, बाई. तुमची ऑर्डर हंगामी. खरं सांगून तुमाला काय मिळनार? तुमी गप ऱ्हावा. सोजरला मी तयार करतो." बोलताना त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना शिव्या द्याव्यात असं मीनाबाईंना वाटलं, पण भ्यालेल्या माणसाला भ्यालेल्या माणसानं काय शिव्या द्यायच्या?

त्या दिवसापासून गुरुजी पाचवीची हजेरी घेताना मध्येच ओरडत, "काशम्मा!" सोजर उठून म्हणे, "हजर, गुरुजी!" सुरुवातीला पोरं खिदळली, मग सवय झाली. खिदळणं थांबलं तेव्हा मीनाबाईंना जास्तच भीती वाटली. चौथीच्या कोपऱ्यात बसलेली खरी काशम्मा दर वेळी दचकून अर्धी उठे आणि पुन्हा खाली बसे.

एकदा शाळा सुटल्यावर ती मीनाबाईंच्या पदराशी येऊन उभी राहिली. "बाई, माझं नाव सोजरला दिला का?"

"नाही गं. थोडे दिवस फक्त."

"मग मला कंदी परत देनार?"

मीनाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि एसटी चुकेल म्हणून घाईनं निघाल्या.

पंधरवड्यानं साहेब परत आले. काशम्माला आदल्या दिवशीच बजावलं होतं, येऊ नकोस. साहेबांनी स्वतः नावं पुकारली. "काशम्मा." "हजर!" सोजर खणखणीत म्हणाली. पेपर सुरू झाला. पोरं फुल्या मारत होती आणि मीनाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सोजरनं सगळ्यांच्या आधी पेपर संपवला. साहेबांनी तो जुन्या पेपराशेजारी धरला आणि खुशीत मान डोलावली. उत्तरं तंतोतंत सारखी. असणारच, दोन्ही वेळा एकच तर पोरगी बसली होती!

पेपर गोळा झाले. साहेबांना आपल्या घरची कन्नड बोलायची हुक्की आली असावी. ते खुर्चीत ऐसपैस बसले आणि लाडानं जवळ बोलावत म्हणाले, "काशम्मा, इल्ली बा."

सोजर जागची हलली नाही. हाक आपल्याला आहे एवढं तिला कळलं. पुढचं काय, ते गुरुजींनी शिकवलंच नव्हतं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली.

"लाजती, साहेब," गुरुजी घाईनं म्हणाले.

"लाजायचं काय त्यात? काशम्माऽ, बा इल्ली!"

"बंदे रीऽ!"

आवाज खिडकीतून आला. बाहेर काशम्मा उभी होती. तेल लावून चापून वेणी घातलेली, धुतलेलं परकर-पोलकं, हातात पाटी. आले रे आले, असा सगळा आनंद चेहऱ्यावर. तिला तिच्या भाषेत, तिच्या नावानं साहेबानं बोलावलं होतं.

गुरुजींचं तोंड उघडं पडलं होतं. साहेबांनी खिडकीकडं बघितलं, सोजरकडं बघितलं आणि मग मीनाबाईंकडं वळले.

"बाई, ही कोण?"

खरं सांगायला दोनच शब्द पुरले असते. ते ओठांपर्यंत आलेही. पण त्यांच्यापुढं चूल आली, घरी बसलेला नवरा आला, उचलून नेलेल्या माणसांच्या बातम्या आल्या, आणि मीनाबाईंनी स्वतःचा आवाज ऐकला. "हिचंही नाव काशम्माच, साहेब. वस्तीवर हे नाव फार. ही शाळेत नाही."

काशम्माला छापलेलं मराठी वाचता येत नसे. बोललेलं सगळं कळत असे. तिनं मीनाबाईंकडं एकदा पाहिलं, पाटी छातीशी धरली आणि मागल्या मागं सरकत खिडकीआड झाली.

"अरेरे," साहेब कळवळून म्हणाले. "घाला हो हिला शाळेत. सरकार एवढं करतंय यांच्यासाठी." मग कागद आवरता आवरता त्यांनी समाधानानं सांगून टाकलं, "चला, पेपर भरवशाचा ठरला. आणि या शाळेपुरतं म्हणाल, तर कन्नड पेपरची काही गरज दिसत नाही."

जीप गेली. गुरुजी ओसरीवर मटकन बसले आणि म्हणाले, "वाचलो, बाई!" मीनाबाईंना वाटलं होतं, साहेब गेले की भीतीही जाईल. ती गेली नाही. फक्त आता ती साहेबांची राहिली नव्हती. उद्या सकाळी त्या पोरीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, याची होती.

दुसऱ्या दिवशी काशम्मा आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मीनाबाई पटावरचं तिचं नाव रोज पुकारत आणि थांबत, खिडकीकडं बघत. एका सकाळी त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "काशम्मा."

"हजर, बाई!"

पलीकडच्या अंगाला, पाचवीत, सोजर उभी राहिली होती. सवयीनं. कुणी हसलं नाही. मीनाबाईंनी मान खालीच ठेवून पुढचं नाव घेतलं.