उंच दांड्याची बाबागाडी

मोजपट्टीच्या टोकाची पत्र्याची आकडी करड्या बाबागाडीच्या दांड्याच्या रबरावरून पुन्हा निसटली, आणि तिनं ती पुन्हा लावली – अंगठ्यानं दाबून, पट्टी सरळ जमिनीपर्यंत ओढून, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत वाकता येईल तेवढं वाकून. पंचेचाळीस इंच. बारा वर्षं जमिनी मोजण्यात गेली होती तिची. नजरेलाच कळलं होतं, तरी आकडा वाचायचा होता. पंचेचाळीस. म्हणजे तिच्या कोपराला बरोबर, नवऱ्याच्या कोपराच्या जरा खाली, आणि आईच्या… आई पलीकडे खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. उंची चार फूट नऊ. म्हणजे आईच्या खांद्याला.

"उंच आईबाबांसाठी आमच्याकडे या दोनच," दुकानातली बाई सांगत होती. "दोन्हींची चाकं मोठी, हवेची. खडी असो, चिखल असो, बाळाला धक्का म्हणून बसत नाही. फरक दांड्याचा. या निळीचा वर-खाली होतो. ही करडी पक्क्या दांड्याची, पण हिच्यामागे पाय टाकायला जागा जास्त."

घर मोठ्या रस्त्यापासून बरंच आत होतं, चढावर, खडीच्या वाटेनं. बाळ चार महिन्यांचं झालं की ती कामावर जाणार आणि दिवसा आई सांभाळणार, असं कधीच ठरलं होतं. आईनं फिरायची वाटसुद्धा मनात आखून ठेवली होती – खडीवरून खाली, पुलावरून, तळ्याला वळसा घालून परत. येताना मोटारीत दोनदा सांगून झालं. "रोज नेईन बाई मी. तुझ्या वेळी कुठल्या आल्या असल्या गाड्या!"

माझ्या वेळी… माझ्या वेळी सुतार आला होता. तेरा वर्षांची होते मी, पाच फूट सहा इंच, आणि शाळेतून आले तर खोलीच्या दाराशी करवत टेकवलेली आणि आई सुताराला सांगतेय, फूटभर काप. पलंग कापला त्यांनी. पायांकडची फळी पुन्हा ठोकून बसवली, वर पॉलिशही मारलं. "पाय पसरायला जागा मिळाली की अंग वाढतं," आई म्हणाली होती, जणू भाजीला पाणी कमी घालावं इतक्या सहज. त्यानंतर चार वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपणं. डॉक्टरांकडे नेऊन वाढ थांबवायची गोळी मागणं – डॉक्टर हसले होते, आई हसली नव्हती. आणि पाहुण्यांसमोर, फोटोत, जिन्यात, सगळीकडे तेच – "अगं जरा वाक, माणसांत उभी आहेस, विजेचा खांब आहेस का?" ती वाकली. इतकी वाकली की तिशीतच मणके दुखायला लागले, आणि पाठीच्या डॉक्टरांनी विचारलं, जड सामान उचलायचं काम आहे का?

निळी गाडी नवऱ्यानं दुकानभर फिरवून आणली होती. दांडा वर ओढला तर त्याला बसत होता, खाली केला तर आईला. सरळ होतं सगळं. "हीच घेऊ या ना," तो म्हणाला.

"मी बघते चालवून."

तिनं दांडा धरला आणि चालायला लागली. आणि चौथ्या पावलाला, स्वतःला कळत असताना, पाय नेहमीपेक्षा वीतभर पुढे टाकला. बुटाचं टोक मागच्या चाकांमधल्या दांडीवर खण्णकन आपटलं. पुन्हा एकदा. खण्ण.

"पाय लागतो माझा. खडीवर तोंडघशी पडेन."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तो तिच्यापेक्षा चार इंचांनी उंच होता आणि त्याचा पाय कुठेही लागला नव्हता. त्यानं निळी गाडी परत जागेवर लावली. त्याच्या त्या समजूतदारपणाचाही तिला राग आला.

"मग करडी," ती म्हणाली.

आई उठून आली होती. करड्या गाडीचा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला, कोपरं वर गेली, हनुवटी उचलली, आणि ती दोन पावलं चालली – एखाद्या उंच खिडकीच्या गजांना लटकल्यासारखी. किती दिवस पाहायचं होतं हे! आता कळू दे, आपल्या मापाची नसलेली वस्तू रोज कशी अंगाला लागते ते कळू दे…

"आजींना उंच पडतोय हो," दुकानातली बाई म्हणाली.

"आजींना कशाला? बाहेर आम्ही नेऊ."

"अगं, पण दिवसभर तर मीच असणार ना?"

"घरात असशील की. घरात कशाला लागते गाडी?"

आईचे हात खाली आले. नवरा पैसे द्यायला गेला, बाई त्याच्या मागोमाग गेली. आई करड्या गाडीच्या छताची घडी उगाच सारखी करत राहिली.

"पलंगाचं आहे का हे?" आईनं हळूच विचारलं.

इतकी वर्षं ती धरून चालली होती की आईच्या लक्षातही नसेल. तिनं मोजपट्टी खिशात सारली.

"फूटभर सांगितला होता मी. करवत लावल्यावर म्हटलं, राहू दे, अर्धाच काप. सहा इंच कापला त्यानं."

"खोटं."

"बरं. खोटं तर खोटं."

एवढंच. माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही. सहा इंच गेले, म्हणजे सहा फुटी पलंग साडेपाच फूट उरला. म्हणजे तेव्हा मी मावत होते? पहिल्या रात्री तरी मावत होते? मग गुडघे पोटाशी घेतले ते फळी पायाला लागली म्हणून, की दाराआडून फूटभर ऐकलं म्हणून? तो पलंग कधीच मोजला नव्हता तिनं. आता मोजायला तो कुठे होता! आणि अर्धा कापला म्हणून काय उपकार झाले? कापला तर होताच. कापला होता… तिनं ते मनात दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा त्याला पहिल्यासारखी धार लागेना.

बाहेर आल्यावर नवरा मोटार आणायला पुढे गेला. रिकामी गाडी तीच ढकलत निघाली. पाठ ताठ होती, खांदे मागे, पावलं हवी तेवढी लांब. इतकं सुखाचं चालणं तिला माहीत नव्हतं. मागून आईची छोटी, भराभर पडणारी पावलं येत होती, जवळ, मग जरा दूर, मग पुन्हा जवळ. ती थांबली नाही.

वळणावर फरशी उखडलेली होती. मोठं चाक त्यावरून अलगद गेलं, आणि तेवढ्यात आईनं तिला गाठलं. दांड्याला हात लावला नाही. बाजूला सीटखालची आडवी नळी होती, आईच्या हाताला सहज येणारी. ती धरून आई चालायला लागली, धापा टाकत, समोर बघत. गाडी किंचित आईच्या बाजूला ओढली गेली.

हात काढ, असं तिच्या अगदी ओठावर आलं. रस्ताभर ते ओठावरच होतं.