तिसरा रांजण

यासनाने गाडी सुरू केली, थोडा वेळ थांबली आणि पुन्हा बंद केली. समोर दिचातोच्या किनाऱ्यावर त्रिनिदाद बूट हातात धरून अजून पाण्यातूनच चालत होती. ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळा, संपत आला होता. या दिवसांत इथले कोळीसुद्धा पाण्यात पाय घालताना तोंड वाकडं करतात. त्रिनिदाद सांतियागोहून वाईन निवडायला आलेली, तिला थंडी वाजायला सवड नव्हती. खाडी सकाळच्या उन्हात अगदी सपाट पसरली होती, तिच्यावर पिवळ्या-निळ्या होड्या, आणि मागच्या टेकड्यांवर आरोमोची झाडं फुलांनी इतकी पिवळी झालेली की पान दिसत नव्हतं.

"तुम्ही हे रोज बघता?" गाडीत बसताना तिनं विचारलं. तिची पावलं लाल झाली होती आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"मी तोमेच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. म्हणून मुलांना खिडकीकडे पाठ करून बसवलंय."

"आणि तुम्ही?"

"मी फळ्याकडे पाठ करून उभी राहते," यासना म्हणाली, आणि त्रिनिदाद मोठ्यानं हसली.

धक्क्यापाशी मासे विकणाऱ्या ग्लोरिन्दाने गाडी अडवलीच. कागदात गुंडाळलेला मासा तिनं खिडकीतून आत ढकलला. "बाई, हा घ्या. आणि बाबांना सांगा, मागची वाईन संपली. नवरा पाणी पितोय. बघवत नाही हो!"

"पुढच्या शनिवारी आणते."

"त्यांनी स्वतः वास घेऊन दिलेली हं. तुमच्या हातची नको, तुम्ही प्रयोग कराल."

यासना हसली, पण तिची बोटं स्टिअरिंगवर आवळली गेली.

आज पहाटे ती बाबांच्या द्राक्षमळ्यावरच होती. बाबा शिडी द्यायला शेजारी गेले असताना तिनं वाईनच्या चारही रांजणांची झाकणं उचलून वास घेतला होता. पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्यावर ती थबकली. वाईन बिघडू लागली की येतो तो नेलपॉलिशसारखा झणझणीत वास, अगदी पुसट, पण होता. चौथा चांगला. तिसऱ्यात वरच्या टेकाडावरच्या मोस्कातेल द्राक्षांची वाईन होती, पणजोबांनी लावलेल्या वेलांची. पाहुणा आला की बाबा तिसराच रांजण उघडत. टेकडीवर फोन लागत नव्हता. बाबा परतण्याआधी तिला त्रिनिदादला आणायला निघावं लागलं होतं. आता पोचल्यावर त्यांना एकटं गाठायला हवं होतं.

कारण बाबांना वास येत नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठा ताप आला तेव्हापासून. त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. एकदा चुलीवर दूध करपलं, घरभर धूर झाला, आणि ते पाठमोरे बसून शांतपणे कात्रीला धार लावत राहिले. तेव्हा तिला कळलं. त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. रांजणाशी उभी राहून सहज बोलल्यासारखं म्हणायची, "याला पिकल्या सफरचंदाचा वास येतोय ना, बाबा?" ते मान हलवायचे. मग गावात तेच शब्द त्यांचे म्हणून जायचे.

रस्ता चढू लागला. त्रिनिदादने वही काढली.

"ताई, एक विचारते. तुमचे बाबा, निबाल्दोकाका, नुसत्या वासावरून कुणाच्या मळ्यातली वाईन ते सांगतात म्हणे?"

"सांगायचे. सांगतात."

"मला त्यांच्या एकट्यांची वाईन नकोय. या टेकड्यांवरच्या बारा घरांची हवीय. कुणाची घ्यायची, कुणाची नाही, ते काकांनी ठरवायचं. सांतियागोतल्या तीन खानावळी त्यांच्या शब्दावर घेतील. बाटलीवर लिहीन, निबाल्दो फुएन्तेआल्बा यांनी निवडलेली."

आजवर यासना एका म्हाताऱ्याचा मान सांभाळत होती. आता त्यात बारा घरं आली होती.

कोएलेमूत थांबायचं नव्हतं, पण चौकातल्या भट्टीतून पाव बाहेर येत होता आणि त्रिनिदादने खिडकी खाली केली. मग पाव आला, मग भाजलेल्या गव्हाच्या पिठाची पुडी, मग दुकानातल्या म्हातारीनं ते पीठ वाईनमध्ये कसं कालवायचं हे हाताच्या तळव्यावर दाखवलं. त्रिनिदाद सगळं मनापासून बघत होती, प्रत्येकाला नाव विचारत होती. यासनाला ती आवडू लागली होती, आणि त्यामुळे गोष्ट सोपी होत नव्हती.

ग्वारिलिवेच्या वळणावर मळे सुरू झाले. इथे वेलांना तार नाही, मांडव नाही. गुडघ्याएवढी काळी खोडं लाल मातीत एकेकटी उभी, नुकतीच छाटलेली. काहींचा घेर दोन हातांत मावणार नाही. उतार इतका की घोडाच नांगर ओढू शकतो. आणि वर गेलं की पश्चिमेला डोंगरांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी.

"थांबा," त्रिनिदाद म्हणाली.

यासना थांबली. घड्याळात एक वाजून गेला होता.

बाबा दारातच उभे होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. बाकावर शेजारचा बेलार्मिनो बसलेला, दोन गुडघ्यांत स्वतःची बाटली घट्ट धरून. आज निवाडा आहे हे त्यालाही कळलं होतं.

"पँट भिजलीय," बाबा त्रिनिदादला म्हणाले. "सांतियागोच्या माणसांना ऑगस्टमध्ये समुद्र दाखवू नये. गायीला आरसा दाखवल्यासारखं होतं."

"बाबा, जरा आत या. मासा आणलाय, कुठे ठेवू?"

"माशाला काय जागा विचारायची? ठेव पाटावर. या, बाई, या."

ते थेट कोठारात शिरले. मातीच्या भिंती, गार हवा, जमिनीत कमरेएवढे पुरलेले चार रांजण. तिसऱ्याचं झाकण आधीच बाजूला होतं. यासना पुढे झाली तोवर त्यांनी लांब दांड्याचं ओगराळं आत सोडलं होतं.

"बाबा, पहिल्यातली बघूया का?"

"पाहुण्याला पहिल्यातली?" बेलार्मिनो म्हणाला. "पोरगी शिकली आणि रीत विसरली."

काचेच्या मोठ्या पेल्यात वाईन उतरली. जुन्या सोन्यासारखा रंग होता. दारातून येणाऱ्या उजेडात त्रिनिदादने श्वास रोखल्याचं दिसलं. या टेकड्यांवर पेला एकच असतो. घरधनी आधी पितो, आपण काय देतोय याची जबाबदारी घेतो, आणि मग तोच पेला पाहुण्याच्या हातात जातो.

बाबांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि एक घोट घेतला.

यासनाला ठाऊक होतं त्या घोटात त्यांना काय कळत असेल. आंबट, कडू, जिभेला कळणारं तेवढंच. समुद्राकडच्या उतारावरची प्रत्येक वाईन आंबटच असते. बाकी सगळं नाकाचं काम.

त्यांनी डोळे उघडले. पण पेल्याकडे पाहिलं नाही, त्रिनिदादकडेही नाही. ते यासनाकडे बघत होते. तिच्या डोळ्यांकडेही नाही, जरा खाली. तिला एकदम समजलं. दोन वर्षं ती रांजणावर वाकायची तेव्हा ते असेच समोर उभे असायचे, तिच्या नाकपुड्यांकडे, तिच्या श्वासाकडे बघत. ती बोलायच्या आधीच त्यांना उत्तर मिळालेलं असायचं.

त्यांनी पेला तिच्यापुढे धरला.

"बाबा, पाहुण्या आधी."

"पाहुण्या थांबतील. तू सांग."

बेलार्मिनोने बाटली खाली ठेवली. त्रिनिदादची पेन्सिल वहीवर थांबली. 'सुंदर आहे' म्हणणं एका श्वासाचं काम होतं. इतका पुसट दोष त्रिनिदादला कदाचित कळलाही नसता.

यासनाने वास घेतला. पहाटेपेक्षा जरा जास्तच होता.

"ही नाही द्यायची," ती म्हणाली. "बिघडायला लागलीय."

बाबांनी पेला हातात घेतला आणि दाराबाहेर मातीत ओतला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पणजोबांच्या वेलांची वाईन होती ती.

"दोन वर्षं झाली, मला वास येत नाही," ते त्रिनिदादला म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "जे काही आहे ते हिचं नाक आहे."

"म्हणजे मागच्या साली माझी वाईन नावाजण्यासारखी आहे म्हणालास," बेलार्मिनो म्हणाला, "ते..."

"ते हिनं म्हटलं. मला तर विहिरीचं पाणी वाटलं होतं."

बेलार्मिनोने यासनाकडे बघून टोपी काढली. त्रिनिदाद हसली नाही. तिनं वहीत एक नाव खोडलं आणि त्याच ओळीवर दुसरं लिहिलं.

"ताई, बारा घरं फिरायची तर तुम्हाला शनिवार पुरतील का?"

बाबांनी यासनाच्या हातात ओगराळं दिलं. मग ते रांजणांपासून मागे सरकले, दोन्ही पाहुण्यांच्या शेजारून गेले, आणि कोठारातल्या बाकाच्या टोकाला, पाहुण्यांच्या जागी जाऊन बसले. टोपी मांडीवर ठेवली.

तिनं पहिल्या रांजणाचं झाकण काढलं. पेला भरला. स्वतः आधी प्यायली, आणि मग तो त्रिनिदादकडे न देता बाबांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"भिजलेल्या दगडासारखी, पावसानंतरच्या. मग थोडा मध."

"कसला मध?"

तिनं पुन्हा आठवून पाहिलं. "उल्मोच्या फुलांचा. अगदी शेवटी."

ते ऐकत राहिले. आणखी एक घोट त्यांनी जिभेवर धरून ठेवला. गिळला, आणि मान किंचित तिच्याकडे वळवली.

"आणि?"