पोटचा साहेब

हॉर्न क्रीक गावच्या दुकानात आर्डिस टॉलेफसन दिसली की लोक तिची तब्येत नंतर विचारत. आधी विचारत, "काय आर्डिस, साहेब कसे आहेत?" साहेब म्हणजे तिचा मुलगा नेल्स. आता हा विनोद खराच, पण सरकारदरबारी तो विनोद नव्हता. तिथं नेल्स मालक होता आणि आर्डिस त्याच्याकडे कामाला होती. पोटच्या पोराच्या हाताखाली नोकरी! आर्डिस म्हणायची, "साहेब ठीक आहेत, फक्त नाश्त्याला तक्रार फार करतात," आणि पिशवी उचलून चालू लागायची.

नेल्स अडतीस वर्षांचा. जन्मताना श्वास अडकला आणि हातापायांवरचा ताबा तेव्हाच गेला तो गेलाच. डोकं मात्र असं की पत्त्यांच्या डावात भल्याभल्यांनी त्याच्यापुढे हात टेकलेले. तो चाकाच्या खुर्चीत बसून हनुवटीनं पान दाखवायचा आणि समोरच्याची बिअर जिंकून घ्यायचा. बोलणं तेवढं अवघड. एकेक शब्द विहिरीतून भरली बादली ओढावी तसा वर यायचा, आणि अर्धी माणसं बादली वर यायच्या आधीच निघून जायची.

बाप गेला तेव्हा गायी, गोठा आणि कर्ज सगळं एकट्या आर्डिसच्या अंगावर पडलं. नेल्सला शहरातल्या अपंगांच्या निवासात ठेवावं लागलं. तिथली माणसं वाईट नव्हती हो, पण संध्याकाळी कामाची पाळी बदलायच्या आत सगळ्यांना अंथरुणात घालायचं असा त्यांचा नियम. उन्हाळ्यात बाहेर लख्ख ऊन, शेतात गवत कापायची यंत्रं चालू, आणि हा तरणाताठा माणूस पांघरूण घेऊन छताकडे बघत पडलेला. आर्डिस भेटायला जायची आणि परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून रडायची. शेवटी तिनं गायी विकल्या. त्याच सुमारास तिला सरकारच्या एका योजनेचं कळलं. निवासावर सरकारचा जो खर्च व्हायचा तो आपल्याच घरी, आपल्याच हुकमतीखाली होऊ द्यायचा. मदतीला कोण ठेवायचं, कधी बोलवायचं, काम कसं करून घ्यायचं, नको असेल त्याला कसं काढायचं, सगळं ज्याची देखभाल त्यानंच ठरवायचं. घरचं माणूस ठेवलं तरी चालतं. नेल्स घरी आला आणि पहिली नोकरी त्यानं आईला दिली.

झालं, आर्डिसनं ती नोकरी गोठ्यासारखी चालवली. म्हणजे मालकाला विचारायचं नाही! गायीला कुठं विचारतो आपण? नेल्सनं "आज..." म्हणावं की हिनं निळा सदरा काढलेला. त्यानं "जरा..." म्हणावं की हिनं खिडकी लावलेली. दहातल्या नऊ वेळा ती बरोबर असायची, हीच पंचाईत होती. दहाव्या वेळी नेल्स डोळे मिटून घ्यायचा. ती म्हणायची, दमलाय बिचारा.

योजनेच्या कचेरीनं उचलायचं यंत्रही दिलं होतं, झोळीसारखं, त्यात बसवलं की माणूस अलगद पलंगावरून खुर्चीत. आर्डिसनं ते कोपऱ्यात उभं केलं आणि त्यावर टॉवेल वाळत घातले. एवढा वेळ कुणाला आहे, म्हणाली. सत्तरीला टेकलेली बाई, रोज सकाळी काखेत हात घालून एवढा थोरला गडी उचलायची. वर्ष दीड वर्ष खांदा कुरकुरत होता. डॉक्टरनं बजावलं होतं, आता ओझं उचलाल तर हात कायमचा जाईल. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की गाव हळहळणार, कचेरीतली बाई काळजीनं मान हलवणार, आणि मग फिरून त्या निवासाची गोष्ट निघणार. त्यापेक्षा खांदा गेला तरी बेहत्तर.

सप्टेंबरात तो खांदा गेलाच. सकाळी नेल्सला उचलताना कळ अशी आली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोघं मायलेक पलंगाच्या कडेनं घसरत जमिनीवर. लागलं नाही फारसं. तिथंच पडल्या पडल्या दोघं हसत सुटली, हसण्यासारखंच दृश्य होतं ते. "मेलं पायपुसणं घसरलं," आर्डिस म्हणाली. नेल्स तिच्या खांद्याकडे बघत होता. शेजाऱ्यानं येऊन उचललं. आर्डिसनं त्याच दिवशी ते पायपुसणं जाळून टाकलं, म्हणजे साक्षीदारच नको.

त्यानंतरच्या आठवड्यात नेल्सनं जाहीर केलं की आणखी एक माणूस ठेवायचा आहे. त्यानं कचेरीतल्या बाईशी स्वतः बोलून घेतलं आणि धान्याच्या गिरणीत चिठ्ठी लावायला सांगितली. आर्डिस वरवर म्हणाली, छान, छान, ठेव की.

आणि उमेदवार येऊ लागले. आर्डिसनं त्यांचं असं काही आगतस्वागत केलं की विचारू नका. कॉफी, वर भोपळ्याचा केक, त्यावर साय. खा हो, लाजू नका. आणि खाता खाता, गोड आवाजात, एकेक गोष्ट सांगायची. नेल्सच्या घशात घास कसा अडकतो, तेव्हा काय करायचं. वेळेत नाही केलं तर काय होतं. हिवाळ्यात टेकडीवरचा रस्ता कसा बंद होतो. एकदा कशी रात्रभर वीज नव्हती. सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. नर्सिंग शिकणारी एक पोरगी केक अर्धा टाकून गेली. एक दणकट शेतमजूर आला होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरी एक बाई तर दारातूनच म्हणाली की तिचं घर जरा लांब पडतं. नेल्सला त्यांना काही विचारायचं असायचं. त्यानं तोंड उघडलं की आर्डिस म्हणायची, "तो विचारतोय, तुम्ही शनिवारी येऊ शकाल का?" तो ते विचारत नसायचा. तिसऱ्या खेपेनंतर त्यानं विचारणंच सोडलं. आर्डिसला वाटलं, डोक्यातलं खूळ गेलं, सुटले.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात लुटेफिस्कची जेवणावळ असते. वाळवलेला मासा क्षारात भिजवून, उकडून, थरथरता गोळा झाला की त्यावर वितळलेलं लोणी ओतायचं. वास असा की रस्त्यावरून कळावं. तरी दहा गावांची माणसं येतात, वर चर्चच्या बाकांवर आपला नंबर घेऊन बसतात, आणि हाक आली की खाली पंगतीला उतरतात. आर्डिस लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिथं वाढायला. यंदाही खांद्याला पट्टा बांधून, वर सैल स्वेटर घालून ती पहाटेच गेली. नेल्स म्हणाला होता, मी माझा येईन. शेजारी त्याला खुर्चीत बसवेल आणि नेहमीसारखी जिल्ह्याची अपंगांसाठीची गाडी आणून सोडेल, असं तिनं धरलं.

दुपारी डाव्या हातात कॉफीची किटली घेऊन ती भट्टीकडून बाहेर आली, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी नेल्स, आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी माणूस. पन्नाशीचा, लाल मानेचा, आपल्या गावचा नव्हे. आणि तो नेल्सला भरवत होता! आर्डिस जागीच थांबली. तो घास पुढं करायचा, नेल्स हनुवटी हलवायचा, मग तो घास बदलायचा, लोणी जास्त घ्यायचा, पुन्हा दाखवायचा. नेल्सनं होकार दिला की मगच. मध्येच त्यानं स्वतः एक घास मासा खाऊन बघितला आणि तोंड असं केलं की नेल्स खदाखदा हसला. आपला मुलगा भरल्या पंगतीत असा हसलेला तिनं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. आणि तिला राग आला. खोटं कशाला बोला, रागच आला.

ती तरातरा टेबलापाशी गेली. माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, वॉरन क्विग्ली, टेकडीपलीकडचा, दुधाची टाकी घेऊन गावोगाव फिरायचो, आता ते बंद झालं. नेल्सची चिठ्ठी गिरणीत वाचली, मग महिनाभर दोघं एकमेकांना लिहीत होते, नेल्स हनुवटीनं संगणकाची बटणं दाबून. आज यांच्या घरी जाऊन यांनाच घेऊन आलोय. ते यंत्रही यांनीच शिकवलं, टॉवेल काढून.

"आई," नेल्स म्हणाला. "तुला..."

"लोणी हवंय? आणते."

"ना... ही. तुला... या महि..."

"महिन्याची औषधं? घरी आहेत सगळी, मी बघितलीत."

नेल्सनं डोळे मिटले. आणि तो लाल मानेचा माणूस, अगदी अदबीनं, म्हणाला, "आर्डिसबाई, त्यांचं बोलून व्हायचंय अजून."

आजूबाजूच्या चार ताटांवरचे काटे थांबले. आर्डिसच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. परका माणूस, आणि मला सांगतो! अडतीस वर्षं याचा शब्दन् शब्द मी झेलला! हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं नेल्सकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि चिडून नव्हे, वाट बघत. तेव्हा तिच्या लक्षात आलं, याचं लांब वाक्य शेवटपर्यंत आपण ऐकलं त्याला किती काळ लोटला, सांगता येणार नाही.

ती गप्प उभी राहिली. पलीकडच्या टेबलावरून कॉफीसाठी हाका आल्या, ती हलली नाही. किटली जड होत गेली. नेल्स बोलत राहिला, अडखळला, मागं गेला, पुन्हा सुरू झाला.

"तुला या महिन्याअखेर कामावरून कमी करतोय. खांदा गेलाय तुझा. पायपुसणं घसरलं नव्हतं."

"कमी करतोयस? मला?" तिचा आवाज चिरकला. "काय चुकलं माझ्या कामात?"

"काम चोख. मालकाचं... ऐकत नाहीस."

वॉरन क्विग्लीनं माशाकडे बघायला सुरुवात केली. आर्डिसला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबून तिनं तेवढंच विचारलं जे तिला इतकी वर्षं आतून पोखरत होतं. "आणि उद्या हा सोडून गेला तर? मी नसले तर? काय करशील तू?"

"दुसरा ठेवीन," नेल्स म्हणाला. मग त्यानं दम घेतला. ती थांबली. "तू गेल्यावर... शिकण्यापेक्षा... तू बघत असताना शिकतो."

आपल्या मागं याचं कसं होणार या घोरानं आर्डिसनं खांदा झिजवला होता, माणसं पळवून लावली होती, देवाला साकडं घातलं होतं की मला याच्यानंतर एक दिवस तरी ने. आणि ज्याची काळजी, तो बसला होता आपला, स्वतःचा माणूस स्वतः पारखून, चोख कारण देऊन आईला नारळ देत होता. असा धीर त्याच्या बापालाही नव्हता. एका नालायक गड्याला काढायचं तर तो आठवडाभर गोठ्यात लपून बसला होता! तिचा ऊर असा भरून आला की स्वेटर तंग वाटला.

तेवढ्यात मार्लिस आली. मार्लिस म्हणजे तिची जुनी मैत्रीण, आणि भटारखान्याची मुकादमच म्हणा. "अगं आर्डिस, पंगत खोळंबलीय," ती कुजबुजली, "आणि हा कोण?"

आमच्याकडं आपल्या पोरांचं कौतुक कुणी चारचौघांत करत नाही. मुलगा डॉक्टर झाला तरी आई म्हणते, चाललंय बरं. आर्डिसनंही जन्मभर तेच म्हटलेलं. पण तिनं किटली मार्लिसच्या हातात दिली, खुर्ची ओढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तळघरात जेवायला बसली. आणि वरच्या बाकांवर नंबर घेऊन बसलेल्यांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "हा नेल्सनं ठेवलेला माणूस. मी तिघांना पळवून लावलं, याला त्यानं एकट्यानं शोधला. आणि मला कामावरून काढून टाकलंय, आत्ता, तोंडावर. असा साहेब अख्ख्या जिल्ह्यात दाखव मला."

मार्लिसनं किटली टेबलावर ठेवली. मग तिनं आर्डिसपुढं एक ताट मांडलं.