लपवलेला कुत्रा

दुधनीजवळचा साठ एकर माळ अभिमन्यूशेठनी लांडग्यांसाठी विकत घेतला, हे कळल्यावर गावाने महिनाभर हसून घेतलं. शहरातलं, सात रस्त्यावरचं चालतं दुकान विकून कोणी लांडग्यांना घर देतं का? सिद्धाप्पाही हसला होता. पण माळाची राखण शेठनी त्यालाच दिली, कारण लांडगीण कुठल्या ओघळीत विणार हे त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. लांडग्याने वर्षाकाठी एखादं कोकरू नेलं तर त्याच्या घरात शिव्या देत नसत. त्याचा वाटा त्याने नेला, एवढंच म्हणत.

यंदा माळावर पाच पिल्लं झाली होती. चार वर्षांतली ही पहिलीच वीण. सिद्धाप्पा रोज टेकाडावर पालथा पडून ती मोजायचा आणि घरी बायकोला, तानाबाईला, नातवंडांचं सांगावं तसं कौतुकाने सांगायचा.

शेठचा नियम एकच. माळाभोवतीच्या प्रत्येक कुत्र्याला लस टोचायची. कुत्र्यांचा रोग लांडग्यांना लागला तर सगळी पिल्लं जातील, हे त्यांनी मेंढपाळांना बसवून समजावलं होतं. सिद्धाप्पाने मान डोलावली. पण सुई टोचलेला कुत्रा मऊ पडतो, राखणीला उरत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. लसीच्या दिवशी इतरांची कुत्री त्याने स्वतः धरली. आपला खंड्या मात्र कडब्याच्या गंजीमागे बांधून ठेवला आणि झाली सुई म्हणून सांगितलं.

फाल्गुनात खंड्याच्या डोळ्यांतून पू येऊ लागला, पाय लटपटू लागले. एके दिवशी दावं तोडून तो माळावरच्या पाणवठ्यावर गेला. लांडगे तिथंच पाणी पीत. सिद्धाप्पाने त्याला उचलून आणलं, पण तिसऱ्या दिवशी तो गेला. साप चावला, असं सिद्धाप्पाने सगळ्यांना सांगितलं. मग पंधरा दिवसांत एकामागून एक पिल्लं अडखळू लागली, मरू लागली. मेलेलं पिल्लू तपासून जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यांचाच रोग म्हणून सांगितलं.

शेठनी गुरम्माला दोषी धरलं. पलीकडच्या कर्नाटकातली विधवा, चाळीस मेंढरं, दोन कुत्री. तिनेच कुत्री लपवली असणार, उद्यापासून तिची मेंढरं माळाच्या कडेच्या कुरणात दिसता कामा नयेत, असं शेठ म्हणाले. तिला मराठी येत नव्हती, शेठना कानडी. मधे बोलायला नेहमीसारखा सिद्धाप्पा.

गुरम्मा शेठकडे न बघता त्याच्याकडे बघून बोलली. सुई टोचताना माझी कुत्री तूच धरली होतीस, तेवढं सांग त्यांना.

सिद्धाप्पा शेठकडे वळला. मराठीत सांगताना एक शब्द बदलला असता तरी निभावलं असतं.

"शेठ, हिच्या कुत्र्यास्नी सुई दिलीया. मीच धरली व्हती. माजा खंड्या लपिवला मी. पिल्लं माज्यामुळं गेली."

शेठनी त्याच्याकडून माळाच्या फाटकाची किल्ली मागून घेतली. "हिला विचार, उद्यापासून राखण करेल का."

स्वतःची नोकरी गेल्याचं सिद्धाप्पाने कानडीत जसंच्या तसं सांगितलं. गुरम्मा थोडंसंच बोलली.

"काय म्हणते?"

"म्हनती, लांडगीण कुटं बसती ते सिद्धाप्पा दावनार असंल तरच."

शेठनी मान डोलावली. सिद्धाप्पा तिला टेकाडावर घेऊन गेला. दोघं पालथी पडून राहिली. ऊन कलल्यावर ओघळीतून एक पिल्लू बाहेर आलं. सिद्धाप्पा दुसऱ्याची वाट बघत राहिला. गुरम्माने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो रडायला लागला.