नऊ तलवारी

चाळिशी उलटली, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं, चार पुस्तकं निघाली, तरी ताईच्या घरात तो धाकटाच होता. 'काय रे धाकट्या' म्हणत ती दार उघडायची आणि लगेच मशीनवर जाऊन बसायची. ताई घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड कर, चेन बदल, कुणाचं वजन वाढलं की शिवण उसव. दर रविवारी धाकटा तिच्या कापायच्या टेबलाचा एक कोपरा बळकावायचा, खडू आणि कात्री बाजूला सारायचा आणि टॅरोचे पत्ते मांडून लिहायला बसायचा.

भविष्य सांगणाऱ्यांतला तो नव्हता. 'उद्याचं मला काय कळतंय, आजचं लिहिता आलं तरी पुष्कळ,' असं म्हणायचा. पहिल्या पत्त्यातून माणूस शोधायचा, दुसऱ्यातून त्याची अडचण, तिसऱ्यातून शेवट. चित्राकडे टक लावून बसायचं, आत काहीतरी हलेपर्यंत. आणि हलायचंही. एका पायाने उलट्या टांगलेल्या माणसाचं चित्र बघून त्याला उंच इमारती रंगवणारा रंगारी सुचला होता, दोरीला लटकून दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावणारा. ती गोष्ट खरोखर चांगली उतरली होती. मग लोक त्याला पत्त्यांवर बोलायला बोलावू लागले आणि गडी बोलण्यात असा रमला की लिहिणं आटलं. पत्ते तेच, चित्रं तीच, पण हा टक लावून बसायचा आणि शेवटी चहा पिऊन उठायचा.

नवी कथा मात्र एका बैठकीत झाली होती. संपादकबाईंनी ती डोक्यावर घेतली. विशेषांकात पहिलीच कथा, शेजारी लेखकाचा मोठा फोटो, असं ठरूनही गेलं. एरवी त्याची कथा आधी ताईच्या कानावर जायची आणि मग घराबाहेर पडायची. या वेळी उलटं झालं होतं, आणि ते का, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. वाचायला सुरुवात करताना त्याने उगाचच घसा खाकरला.

कथेत एक बाई होती. तिची आजारी आई आतल्या खोलीत सारखी कण्हत असते. बाई वैतागते. एका दुपारी दार लावून घेते, रेडिओ मोठ्याने लावते आणि खुर्चीत डोळे मिटून पडते. गाणी संपल्यावर दार उघडते, तर आई गेलेली.

दुसऱ्या पानावरच मशीन थांबलं होतं. धाकट्याने मान वर न करता शेवटपर्यंत वाचलं.

"चांगली आहे," ताई म्हणाली. तिने लोंबणारा दोरा दाताने तोडला. "कुठून सुचली?"

हा प्रश्न त्याला आजवर शेकडो लोकांनी विचारला होता. उत्तर जिभेवरच होतं.

"पत्ता निघाला ना! नऊ तलवारींचा. एक बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड ओंजळीत झाकलंय आणि मागे अंधारात नऊ तलवारी. तो बघितला आणि सगळं सरसर आलं. मी कोण लिहिणारा? पत्त्याने लिहून घेतली."

"कधी निघाला?"

"झाला महिना. माझ्या घरीच."

"याच कॅटमधला?"

"माझ्याकडे दुसरा कॅट कुठाय?"

ताई उठली. फळीवरचा बटणांचा डबा तिने काढला आणि टेबलावर उपडा केला. बटणं चहूकडे घरंगळली. शेवटी डब्याच्या तळाशी बसलेला एक पत्ता तिने नखाने सोडवला आणि त्याच्यापुढे ठेवला. अंथरुणात उठून बसलेली बाई, झाकलेलं तोंड, नऊ तलवारी.

"आई गेली त्या वर्षीच काढून ठेवलाय," ती म्हणाली. "तू आत चहा टाकत होतास. मी सहज पत्ते चाळत होते, तर ही दिसली. वाटलं, हिलाच बाजूला केलं तर हिची गोष्ट कुणाला सुचणार नाही."

धाकट्याचा चेहरा गोरामोरा झाला. एकेक पत्ता मला पोटच्या पोरासारखा ओळखीचा आहे, असं हा भाषणांतून सांगायचा, आणि इतकी वर्षं एक पोर घरात नव्हतं तरी याला पत्ता नव्हता. पण ते काहीच नव्हे. त्या कथेसाठी त्याने एकही पत्ता काढला नव्हता. आई गेल्यावर काही दिवसांनी ताई याच टेबलापाशी म्हणाली होती, 'मी दार लावून घेतलं होतं रे.' एवढंच. तेवढ्यावर त्याने बाकीचं रचलं, आणि बोट दाखवायला पत्ता होताच. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"रेडिओ नव्हता," ताई म्हणाली.

"अं?"

"तू रेडिओ घातलायस. आपल्याकडे कुठे होता रेडिओ? मशीन चालू होतं. आईचा नुकताच डोळा लागला होता. खडखडाटाने जागी होईल म्हणून मी दार लावलं. तिने हाक मारली असेल, तर मला ऐकू आली नाही." ती बटणं बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिली. "एरवी दुपारी मी मशीनवर बसत नव्हते. त्या दिवशी घाई होती."

"कसली घाई?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं.

"तुझा निळा शर्ट. कॉलर विरली होती, उलटून हवी होती. संध्याकाळी फोटो काढायचाय म्हणून सकाळपासून फोनवर फोन करत होतास."

फोटो त्या संध्याकाळी झाला नाही. पुढे कधीतरी ताईच्या दारामागे तो शर्ट इस्त्री करून टांगलेला दिसला, धाकट्याने काढून नेला, घातला. कॉलर काय झकास बसलीय, असं फोटोवाला म्हणाला होता. तोच फोटो आता या कथेशेजारी छापायला गेला होता.

"मला बोलली का नाहीस?"

"बोलत होते. दार लावलं होतं म्हटलं, तर तू 'असू दे, असू दे' केलंस आणि भावजींच्या गुडघ्याचं विचारलंस."

ते खरं होतं. भावजींचा गुडघा तेव्हा ठणठणीत होता.

"मी कथा मागे घेतो," तो म्हणाला. आपल्याच आवाजाची त्याला लाज वाटली.

"तुझं तू बघ." ताई जाऊन मशीनवर बसली.

त्याने तिथूनच फोन लावला. कथा छापू नका म्हटल्यावर संपादकबाई हसल्या. "का हो? पत्ते रुसले वाटतं?"

सुटका समोर ठेवलेली होती. हो म्हणायचं, थोडं हसायचं, की संपलं. बाईंना ते आवडलंही असतं आणि चार ठिकाणी त्यांनी कौतुकाने सांगितलंही असतं.

"पत्ता नव्हताच," तो म्हणाला. "ती माझ्या..."

ताईने मशीन सुरू केलं. खडखडाटाने खोली भरून गेली. मुद्दाम केलं की ऐकवेना म्हणून केलं, त्याला कळलं नाही.

"काय म्हणालात? काही ऐकू येत नाहीये!"

बाहेर गॅलरी होती. तिकडे जाऊन, दार ओढून घेऊन, हळू आवाजात सांगता आलं असतं. त्याने दाराकडे बघितलं आणि जागचा हलला नाही.

"माझ्या बहिणीची गोष्ट आहे ती!" तो ओरडला. "मी तिला न विचारता उचलली! आणि खोटी लिहिली!"

मशीन मध्येच थांबलं होतं. शेवटचे शब्द गप्प झालेल्या खोलीत भलतेच मोठ्याने पडले.

"आलं ऐकू," ताई म्हणाली.