म्हशीची नवी ठिणगी

आमच्या अकोल्यात पंजाबरावाइतका हट्टी माणूस नाही आणि त्याच्या जुन्या मोटारीइतकी हट्टी मोटार अख्ख्या वऱ्हाडात नाही. काळीभोर, गोल डोळ्यांची. मोहल्ला तिला म्हैस म्हणतो. धक्क्याशिवाय ती जागची हलत नसे. आमच्या गल्लीतल्या पोरांचे दंड तालमीत कमावलेले नाहीत, हिच्या बुडाला हात लावून कमावलेले आहेत.

खोट ठिणगीत होती. इंजिनावर एक गोल डबा असतो, मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. त्यातले दोन चिमुकले पॉइंट उघडझाप करतात तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. पंजाबराव ते पॉइंट काडेपेटीच्या कडेवर घासत बसायचा. ठिणगी तरीही अशी मरतुकडी, की तिच्यावर बिडी पेटली नसती.

त्यात लेक प्रणाली बाळंतपण आटोपून, तान्ह्या पोरीला घेऊन अमरावतीला सासरी निघाली. व्याही किशोरराव नवी पांढरी गाडी घेऊन न्यायला आले.

"शकुंतला रेल्वे बंद पडली तवा मले वाटलं, एवढं हळू चालणारं आता काईच उरलं नाई," ते दारातच म्हणाले. "तुमची मोटार इसरूनच गेलो होतो, इवाई."

"नात माह्याच मोटारीत जाईन," पंजाबराव म्हणाला. "अन् एकबी धक्का न मारता. तिले इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवली आता."

हे मात्र खरं होतं. मोबाइलवर पाहून पाहून त्यानं पॉइंट काढून फेकले होते आणि तिथं बिनपॉइंटचा नवा संच बसवला होता. आदल्या दिवशी चावी फिरवली, तर म्हैस पहिल्याच हिसक्याला सुरू. शेजारच्या मांजराचे केस तेव्हा उभे राहिले ते अजून बसलेले नाहीत. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा.

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. पण नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय वापरायची कशी? बॉनेटला तर सारेच लावतात. पंजाबरावानं डेल्कोचं झाकण काढून बायकोपुढं उलटं धरलं.

"जमुने, याच्या आतून लाव. नवी वस्तू आत हाय."

"वल्लं लावू का कोरडं?"

"वल्लं लाव. टिकलं पायजे."

जमुनावहिनींनी आतून चांगली जाड बोटं ओढली. मी त्यांचा शेजारी, तिथंच उभा होतो. अडवायचं कशाला, फुकटचा तमाशा कोण मोडतो?

निघालो. मी पुढे, मायलेकी आणि तान्ही मागे, आणि त्यामागून व्याह्यांची पांढरी गाडी. बोरगाव मंजूला म्हैस खोकली. मूर्तिजापूरच्या अलीकडे तिनं असा फटाका काढला, की शेतातल्या बगळ्यांनी तालुका बदलला. मग आचके देत उभी राहिली, ती राहिलीच.

किशोररावांनी उतरून बॉनेट उघडलं, डेल्कोचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"ठिणगी प्लगपर्यंत जाईन काहून, इवाई? थे कुंकवातूनच फिरून राहिली. इथंच देवदर्शन होऊन राहिलं तिले." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "पुसा, चालू होते."

"हात नोका लावू," वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या. "नवरा समोर उभा हाय माहा, अन् माह्या हातचं कुंकू पुसता?"

"ईनबाई, थे झाकण हाय. कपाळ नोहे."

"कुंकू थे कुंकू."

पंजाबराव एकदा रुमालाकडे पाही, एकदा बायकोकडे. प्रणालीनं कोणालाच विचारलं नाही. तान्ही उन्हानं लाल झाली होती. तिला उचलून ती पांढऱ्या गाडीत जाऊन बसली. वहिनीही गेल्या. व्याही हसलेसुद्धा नाहीत, तेच पंजाबरावाला जास्त लागलं.

गाडी दिसेनाशी झाली, तसं पंजाबरावानं खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि झाकण आतून लख्ख पुसून काढलं.

"तू काई पाह्यलं नाई."

"मले तसंबी चष्म्याबिगर दिसत नाई."

चावी फिरवली. म्हैस अशी सुटली, की बडनेऱ्यापर्यंत चाकं रस्त्याला टेकली ती फक्त गतिरोधकांवर. व्याह्यांच्या दारात ती घुरघुरत उभी राहिली, एकही धक्का न खाता. आत नातीचं औक्षण होऊन गेलं होतं. वहिनी बाहेर आल्या. बॉनेट उघडायला लावलं, झाकण काढायला लावलं, आत पाहिलं. मग नवऱ्याच्या दुपट्ट्याचं लाल टोक पाहिलं.

संध्याकाळी त्या एसटीनं अकोल्याला निघाल्या. मागे मागे हॉर्न देत आमची म्हैस. एसटी थांबली, की पंजाबराव उतरून त्यांच्या खिडकीखाली जायचा.

"पाह्य ना जमुने, चालू हाय. कुठंच बंद नाई पडली."

वहिनी कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, बेल मारा."