दोन रिंगा आणि तिसरी

नळ कोरडा पडला की माणूस आधी घरच्यांवर ओरडतो, मग शेजाऱ्यावर, आणि दोघंही ऐकेनासे झाले की तक्रार कक्षात फोन लावतो. तो फोन नानांच्या टेबलावर वाजायचा. बावीस वर्षं वाजत होता. तक्रारी ऐकून ऐकून नानांचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर मोठा झालाय, असं कचेरीत म्हणत. नाना ते नाकारत नसत. टोपी मात्र जरा उजवीकडे ओढून घालत.

या सगळ्या वाजण्यात एक वाजणं वेगळं होतं. रोज सकाळी अकराला फोन दोनदा वाजे आणि गप्प होई. नाना त्याला हात लावत नसत. फक्त पेन खाली ठेवत, आणि पुन्हा उचलत.

ती आक्का असायची. नानांची थोरली बहीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेली, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहणारी. ‘आमच्याकडे ये’ म्हणून नानांनी हजारदा सांगून पाहिलं होतं. “तुझ्या घरात एक तर तुझी बायको मावेल, नाहीतर माझी जीभ,” असं म्हणून तिने तो विषय मिटवला. नानांनी मोबाइल आणून दिला, तर तिने तो पिठाच्या डब्यात ठेवला. “ज्याला शेपूट नाही ती वस्तू हरवते, बाळ्या. माझा वायरचा बरा. ओढला की येतो.” सत्तावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती जगात एकटीच उरली होती, आणि तिला पाठ असलेला नंबरही एकच होता, बाळ्याच्या टेबलाचा.

कचेरीत घरगुती बोलायला बंदी होती, मोबाइलही कामाच्या वेळात कपाटात ठेवावा लागे. म्हणून दोघांनी ठरवून टाकलं होतं. दोन रिंगा देऊन ठेवला, म्हणजे मी ठीक आहे. तिसरी वाजली, म्हणजे उचल, काहीतरी बिनसलंय. बावीस वर्षांत तिसरी तीनदाच वाजली. एकदा न्हाणीघरातला पाइप फुटला तेव्हा. एकदा अंगावर पाल पडली तेव्हा. ती पाल पुढे दर वर्षी वीतभर लांब होत गेली आणि आता जिन्यात मावली नसती. आणि एकदा, नाना तिला स्वप्नात रडताना दिसले म्हणून. तिन्ही वेळा नानांनी तिसरी रिंग पुरी होऊ दिली नव्हती.

याची किंमत एकच होती. अकराला सगळी कचेरी मागच्या खोलीत चहाला जमे, हसण्याचा आवाज टेबलापर्यंत येई, आणि नाना खुर्चीत बसून राहत. त्यांचा कप कुणीतरी नंतर आणून देई, तोवर त्यावर साय धरलेली असे.

मग साहेबांनी जाहीर केलं की जुने फोन जाणार, नवे येणार, इंटरनेटवर चालणारे.

“नंबर तोच राहील ना?” नानांनी विचारलं.

“तोच.”

“आणि वाजणं?”

साहेबांनी असं पाहिलं, की जणू नानांनी पाणी ओलंच राहील ना, असं विचारलं होतं.

फोन जोडायला आली ती तिशीची बाई, खांद्यावर निळ्या वायरचं वेटोळं घेऊन. कचेरीने तासाभरात तिचं नाव वायरवाली ठेवलं, आणि दुपारपर्यंत ती त्याला ओ देऊ लागली. तिने नानांच्या टेबलावरचं जुनं धूड उचललं तेव्हा त्याच्याखाली चौकोनी डाग निघाला, नवऱ्यामुलाच्या हातावरून घड्याळ काढल्यावर निघावा तसा गोरा. नव्या खोक्यातून तिने फोन काढला, मागे टेकू बसवला, रिसीव्हरची गुंडाळीची वायर डाव्या भोकात खुपसली आणि निळी वायर पाठीत.

“याला वीज कुठून?” नानांनी विचारलं.

“याच वायरीतून वीज, याच वायरीतून बोलणं.”

“एकाच घरात दोघं. भांडत नाहीत?”

“माणसं नाहीत ती, काका.”

पडदा उजळला. आधी त्यावर पन्नासेक वर्षांपूर्वीची तारीख उमटली.

“थांबा,” वायरवाली म्हणाली, “आपण कुठे आहोत ते त्याला अजून कळायचंय.”

“सावकाश. मला तिशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं.”

तिने टेबलाचा आकडा घातला, दोन-एक-सात, मग पासवर्ड. तारीख धावत आजवर आली. हिरवा ठिपका लागला. वाजण्याचे चौदा प्रकार होते, त्यात एक कोकिळा आणि एक बहुधा बुडणारं जहाज. नानांनी साधं ट्रिंग-ट्रिंग निवडलं. मग वायरवालीला तिच्या मोबाइलवरून फोन लावायला सांगितलं. दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. तिने ठेवला. पुन्हा लावा म्हणाले. पाचव्यांदा तिने विचारलं, “काका, नक्की काय तपासताय?”

नानांनी सांगितलं. बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला का सांगितलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग तिने पडद्याच्या कोपऱ्यातला लाल दिवा दाखवला. “हे बघा. न उचललेला प्रत्येक फोन इथे जमा होतो. मिस्ड कॉलची यादी. कुणाचा, किती वाजता, सगळं. पन्नास मावतात, एक्कावन्नावा आला की सगळ्यात जुना गळतो.” आणि तिने आक्काचा नंबर विचारून घेऊन त्यावर नाव घातलं. “आता तुम्ही जागेवर नसलात तरी बाईंची खुशाली इथे लिहिलेली सापडेल.”

नानांनी यादीकडे पाहिलं. कुणी गुलामाला त्याच्या साखळीची किल्ली दाखवावी, तसं त्यांचं तोंड झालं.

दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. नाना हात धुवायला गेले होते, आणि शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावक बाईंनी, ज्या चहा पीत नसत आणि अकरालाही जागेवरच असत, पत्रांची नोंद करता करता सौजन्य म्हणून पहिल्या रिंगला फोन उचलला. “नमस्कार, तक्रार कक्ष.” पलीकडे आक्काने निष्कर्ष काढला की भाऊ गेला. पाऊण तासात ती टॅक्सी करून, काठी टेकत, दोन जिने चढून दारात उभी.

नाना खुर्चीत जिवंत बसलेले. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मला वाटलं, जागा भरलीसुद्धा.”

“आक्का, अगं बस. पाणी घे.”

“तुमच्याकडे येतं का?” ती म्हणाली, आणि सगळा कक्ष हसला. जाताना तिने नानांची टोपी सरळ केली. “तुझा फोन दुसऱ्याला उचलू देऊ नकोस बाळ्या. माझ्यात आता जिने चढायचं बळ नाही.”

त्याच दुपारी नानांनी ठसठशीत अक्षरात कागद लिहून फोनच्या कपाळावर चिकटवला : ‘या फोनला हात लावू नये. कितीही वाजला तरी.’

आणि पुढच्या सोमवारी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, नाना अकराला चहाला गेले. चहा गरम होता. ते विसरूनच गेले होते की चहा गरम असतो. शिपायाने साहेबांच्या चालण्याची नक्कल केली, नाना इतके हसले की ठसका लागला. परत आले तर लाल दिवा मिचमिचत होता. आक्का, अकरा वाजता, एक फोन. नानांनी बटण दाबून दिवा घालवला आणि पेन उचललं. रोज असंच होऊ लागलं. महिनाभरात नानांच्या गालावर रंग आला, कोपऱ्यातल्या खुर्चीला ‘नानांची खुर्ची’ म्हणू लागले. पालीची गोष्ट त्यांनी चहाच्या खोलीत सांगितली, तेव्हा पाल आणखी वीतभर वाढली.

एका मंगळवारी ते अकरा वीसला परतले. दिवा मिचमिचत होता. आक्का, अकरा वाजून चार मिनिटं, एक फोन. चार मिनिटं उशीर. घड्याळाला किल्ली द्यायला विसरली असणार, त्यांना वाटलं. दिवा घालवला. आवक-जावक बाई जागेवर नव्हत्या, साहेबांकडे गेल्या होत्या, आणि परतल्या तोवर नानांच्या कानाला पाणी न चढल्याने चिडलेला एक तिसरा मजला लागलेला होता.

बुधवारी चहा पिऊन आले तर दिवा विझलेला. यादीत नवं काही नाही. नानांनी वायर चाचपली, आवाज वाढवला, आणि शेवटी वायरवालीला बोलावलं. ती खालच्याच मजल्यावर काम करत होती.

“फोन बिघडलाय,” नाना म्हणाले. “आज अकराचा आलाच नाही.”

तिने आपल्या मोबाइलवरून लावून पाहिला. फोन स्वच्छ वाजला. “चांगला आहे की, काका.”

आवक-जावक बाईंनी वहीतून मान वर केली. “बिघडेल कशाला? काल तर केवढा वाजत होता. मी वीसपर्यंत मोजलं, मग मोजायचं सोडलं. उचलणार होते, पण तुमचा कागद...”

नाना टोपी टेबलावर तशीच टाकून निघाले.

आक्काच्या शेजारणीकडे दुसरी किल्ली होती. आक्का फोनच्या तिवईपाशी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, एक पाय अंगाखाली वाकडा. रिसीव्हर मांडीवर होता आणि त्याची वायर तिने मनगटाला एक वेढा देऊन धरली होती, हरवू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, काल दुपारच्या सुमाराला. लगेच कुणी पोचलं असतं तर, असं नानांनी विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही आपणहून सांगितलं नाही.

तेरा दिवसांनी नाना कामावर आले. टोपी टेबलावर होती तिथेच होती. त्यांनी वायरवालीला गाठलं.

“त्या यादीत फोन किती वेळा वाजला, ते का दिसत नाही?”

“आजवर कुणी विचारलंच नाही, काका.” ती जमिनीकडे पाहत म्हणाली. “वाजला आणि उचलला नाही, एवढंच त्याला कळतं. दोनदा काय, वीसदा काय, त्याला सारखंच.”

“मलाही,” नाना म्हणाले.

मग त्यांनी एकच काम सांगितलं. कचेरी सुटल्यापासून उघडेपर्यंतचे, आणि सुट्टीच्या दिवसांचे फोन रात्रपाळीच्या टेबलाकडे वळवून द्या. तिने वळवले. कारण तिने विचारलं नाही. पडदा तिच्या समोरच होता. नाना नसताना आलेल्या नळांनी आक्काची बहुतेक नावं खाली ढकलून गाळून टाकली होती. तळाला एकच उरलं होतं, अकरा वाजून चार मिनिटं. वरच्या जागा भरलेल्या होत्या. पन्नासावी तिची होती. यापुढे न उचललेला एक जरी फोन आला, की ती गेली.

तेव्हापासून नाना कुलूप उघडायच्या आधी दारात हजर असतात. चहाला जात नाहीत, रजा घेत नाहीत, आणि फोन पहिल्या रिंगला उचलतात. नळवाल्या लोकांचा यावर विश्वास बसत नाही. काहींनी म्हणे घाबरून फोन खाली ठेवला, तर काही शपथेवर सांगतात की तो माणूस वाजायच्या आधीच उचलतो. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की नोकरी कशी करावी ते नानांकडून शिका. आवक-जावक बाई तेवढ्या उठून बाहेर गेल्या.

फक्त अकराला फोन आला, तर नाना उचलत नाहीत. हात रिसीव्हरवर ठेवतात, आणि एक रिंग जाऊ देतात. दुसरी जाऊ देतात. पलीकडच्याने आत्ता ठेवला तर तळाची ओळ गळून पडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तिसरी सुरू झाली की उचलतात.

“बोल,” म्हणतात.

आणि पलीकडून कुणीतरी सांगतं की पाणी आलेलं नाही.